घरी जुळवलेली विजेची सायकल : बॅटरीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

पहिली_पाळी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सव्वीस इंची चाकांची, लोखंडी फ्रेमची गिअरची सायकल आहे. तिला हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर) बसवून रोज कोल्हापूरच्या राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जायचे मी ठरवले आहे. जाऊन-येऊन अंतर बावीस किलोमीटरच्या आसपास भरते आणि शाहू नाका सोडल्यावर उजळाईवाडीच्या बाजूला रस्ता चढत जातो. एकूण पंचवीस हजार रुपयांच्या आत काम व्हावे, अशी इच्छा आहे. मी मांडलेला हिशेब असा : ४८ व्होल्ट, ३५० वॅट मोटरचा संच (मोटरची वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर, थ्रॉटल म्हणजे हँडलवरची वेगाची मूठ, ब्रेक लिव्हर धरून) ९,५०० रुपये, ४८ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाची तयार लिथियम बॅटरी चार्जरसह ८,००० रुपये. सायकलची दुरुस्ती २,५०० रुपये. दिवे, मडगार्ड, पेटी वगैरे २,००० रुपये. म्हणजे तीन हजार शिल्लक राहतात. बॅटरी स्वतः सेल आणून बांधली तर आणखी वाचतील का, आणि हा हिशेब कुठे कच्चा आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उद्यमनगरकर

आपल्या हिशेबाचा क्रम उलटा झाला आहे, असे माझे मत आहे. आपण आधी मोटर ठरवली आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॅटरी घेतली. वास्तविक आधी रोजचे अंतर धरावे, त्यावरून बॅटरी काढावी आणि मग त्या बॅटरीला झेपेल ती मोटर निवडावी, कारण मोटर नीट बसवली तर वर्षानुवर्षे चालते, मात्र बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजत असते आणि या सायकलीतली सर्वांत महाग वस्तूही तीच असते.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. सपाट रस्त्यावर पायडल मारत, मोटरची मदत घेत गेल्यास किलोमीटरला दहा-बारा वॅट-तास (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतली ऊर्जा) लागतात. नुसत्या थ्रॉटलवर बसून गेल्यास हाच आकडा अठरा-वीसपर्यंत जातो. कामावरून परतताना माणूस दमलेला असतो, तेव्हा मधला पंधराचा आकडा धरणे योग्य. बावीस किलोमीटरला पंधराने गुणले की ३३० वॅट-तास होतात. बॅटरी रोज पूर्ण निथळू नये म्हणून तिच्या क्षमतेचा ऐंशी टक्के भागच वापरायचा असे ठरवले, तर ४१० वॅट-तासांच्या वरची बॅटरी हवी. आपण लिहिलेली ४८ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाची बॅटरी ३६० वॅट-तासांची आहे. ती पहिल्या वर्षी कशीबशी घरी आणील. दोन-अडीच वर्षांनी तिची क्षमता घटली की उजळाईवाडीच्या आसपास बंद पडू लागेल. बॅटरीचा आकार नव्या सायकलीच्या पहिल्या महिन्यावरून ठरवू नये, बॅटरी जुनी झाल्यावर ती किती देईल यावरून ठरवावा.

कारखान्यात चार्जिंगची लेखी परवानगी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. मग निम्म्या आकाराची बॅटरीही चालेल आणि आपले चार-पाच हजार वाचतील. ही चौकशी आधी करावी.

विजेचा_शिक्षक

मोटरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली, ती सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार विजेवरचे दुचाकी वाहन ‘मोटार वाहन’ न मानण्यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती (ती सलग अर्धा तास देऊ शकेल तेवढी) पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. पायडलला मदत करणाऱ्या सायकलीत वेग पंचवीसला पोहोचला किंवा पायडल थांबले की मोटरने बंद व्हावे, अशी अपेक्षा आहे. बॅटरी वगळून वाहनाचे वजनही साठ किलोपेक्षा जास्त चालत नाही. या अटी पूर्ण होतात की नाही, हे अधिकृत चाचणी संस्थेने तपासावे असेही त्याच नियमात आहे; घरी जुळवलेल्या सायकलीकडे ते प्रमाणपत्र नसते, ही बाब आपण जाणूनच पुढे जावे. तरीही ३५० वॅटची मोटर घेऊन आपण होऊन मर्यादेबाहेर जाण्यात अर्थ नाही. अपघाताचा प्रसंग आला आणि वाहन विनानोंदणी मोटार वाहन ठरले, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट त्रास होईल.

पैशांच्या दृष्टीनेही ‘२५० वॅट’ म्हणून विकला जाणारा ३६ व्होल्टचा संच (त्याची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या खाली आहे ना, ते पाहून) साडेसात हजारांच्या आसपास मिळतो, म्हणजे आपले दोन हजार तिथेच सुटतात. ते बॅटरीकडे वळवावेत.

रंकाळा_फेरी

मला वाटते, सुरुवात स्वस्तात करावी. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या तीन लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या जोडल्या की ३६ व्होल्ट होतात आणि पाच हजारांच्या आत काम भागते. त्या गल्लीतल्या दुकानात मिळतात, त्यांना बीएमएस (लिथियम सेलांवर लक्ष ठेवून धोका दिसताच बॅटरी बंद करणारे सर्किट) लागत नाही, जुन्या दिल्या की थोडे पैसे परतही मिळतात. वर्षभर त्यावर चालवून सायकल आपल्याला मानवते का ते पाहावे आणि मग लिथियमकडे जावे. सगळे पैसे एकदम गुंतवण्यापेक्षा हा मार्ग मध्यमवर्गीय माणसाला जास्त परवडतो.

विजेचा_शिक्षक

रंकाळा फेरी यांचा मुद्दा रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला लागू पडेल, मात्र बावीस किलोमीटरला पडत नाही. तीन लेड अ‍ॅसिड बॅटऱ्यांचे वजन बारा किलोच्या वर जाते. कागदावर त्या ४३२ वॅट-तासांच्या दिसतात, पण त्यांचे आयुष्य टिकवायचे असेल तर निम्म्याच्या आसपास वापरून चार्ज कराव्या लागतात. यूपीएससाठी बनवलेल्या बॅटरीवर लिहिलेली क्षमता बहुधा वीस तासांत सावकाश वापरण्याच्या हिशेबाने दिलेली असते. सायकलीसारखे एकदम दहा-बारा अँपिअर खेचले की ती आणखी कमी भरते.

खरी तुलना विकत घेण्याच्या किमतीची करू नये. बॅटरीची किंमत तिच्याकडून मिळणाऱ्या एकूण किलोमीटरनी भागावी. लेड अ‍ॅसिडचे ४,८०० रुपये धरले, तीनशे चार्ज आणि दर चार्जला पंधरा किलोमीटर धरले, तर साडेचार हजार किलोमीटर होतात आणि किलोमीटरला एक रुपयाच्या वर खर्च पडतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या लिथियम बॅटरीचे ११,००० रुपये, सहाशे चार्ज आणि दर चार्जला चोवीस किलोमीटर धरल्यास साधारण पंचाहत्तर पैसे पडतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला दुकानात सगळे नुसते ‘फॉस्फेट’ म्हणतात, त्याचे साडेबारा हजार आणि पंधराशे चार्ज धरले तर पस्तीस पैशांच्या आसपास. चार्जचे हे आकडे चांगल्या सेलचे आणि नीट वापराचे आहेत. कोल्हापूरच्या उन्हात रोज पेटी तापत ठेवली तर ते खाली येतील. पण तिघांचा क्रम बदलत नाही.

विजेचा खर्च या हिशेबात जवळपास नगण्य आहे. रोजचे ३३० वॅट-तास, त्यात चार्जरमधली घट धरून पाव ते अर्ध्या युनिटच्या दरम्यान. दहा रुपये युनिट धरले तरी दिवसाला चार रुपये. हीच ये-जा पंचेचाळीसचा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरवर केली तर रोज अर्धा लिटर पेट्रोल जाते.

पहिली_पाळी

सर्वांचे आभार. कारखान्यात विचारले, चार्जिंगला परवानगी नाही, त्यामुळे पूर्ण फेरीची बॅटरीच हवी. मोटर २५० वॅटची घेतो. आता उद्यमनगरकर साहेबांना विचारतो : फॉस्फेटची बॅटरी घरी बांधायची झाल्यास नेमका खर्च किती येईल? माझे काम मशीन शॉपमधले आहे, हाताला सवय आहे, पण बॅटरी कधी बांधलेली नाही.

उद्यमनगरकर

आपल्या अंतराला ३२७०० आकाराचे (३२ मिलिमीटर व्यासाचे, ७० मिलिमीटर लांब), सहा अँपिअर-तासाचे चोवीस सेल लागतील. दोन-दोन समांतर आणि अशा बारा जोड्या एकापुढे एक. एका सेलचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट, म्हणून बारा जोड्यांचा ३८.४ व्होल्ट आणि क्षमता बारा अँपिअर-तास. गुणाकार ४६० वॅट-तासांचा होतो. वजन पेटीसह साडेचार किलोच्या आसपास जाईल.

खर्च असा. सेल २३० रुपयांप्रमाणे चोवीस नगांचे ५,५२० रुपये; हा भाव बहुतेक वेळा जीएसटी सोडून सांगितलेला असतो, अठरा टक्के मिळवले की साडेसहा हजार होतात. जुळणी करताना एखादा सेल बाद होतोच, म्हणून दोन जास्तीचे. बारा जोड्यांचा वीस अँपिअरचा बीएमएस ११०० रुपये. निकेलची पट्टी, सेल बसवण्याच्या जाळ्या, इन्सुलेशनचा कागद आणि बाहेरचे श्रिंक आवरण मिळून सातशे. स्पॉट वेल्डिंगची मजुरी बाराशे. एकूण दहा हजारांच्या घरात. तयार बॅटरी साडेबारा हजारांना मिळते. म्हणजे वाचतात अडीच हजार, आणि त्या बदल्यात वॉरंटी जाते, क्षमता तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते आणि चूक झाली तर तिची किंमत घराला आग लागण्यापर्यंत जाऊ शकते. पहिली बॅटरी तरी समोर बसून बांधून देणाऱ्याकडून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन. आपल्या हाताला सवय आहे ती सायकलीच्या कामात वापरावी. तिथे खरी बचत होते.

तरीही काय पाहायचे ते माहीत असावे. प्रत्येक सेल वजनकाट्यावर ठेवावा : सहा अँपिअर-तासाचा ३२७०० सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, शंभर-एकशेदहा ग्रॅमचा निघाला तर त्याच्यावर छापलेली क्षमता खरी नाही, असे समजून परत द्यावा. १८६५० आकाराच्या एनएमसी सेलवर कुणी ९,९०० मिलिअँपिअर-तास छापले असेल तर त्या दुकानात थांबूच नये, कारण त्या आकाराचा सामान्य चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास संपतो. नंतर प्रत्येक सेलचा दाब आणि अंतर्गत रोध मोजायचा, दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा दाब मोजायचा आणि जो आपोआप उतरला असेल तो काढून टाकायचा. एकसारखे सेल एकत्र लावले नाहीत तर सर्वांत कमजोर जोडी आधी संपते आणि पूर्ण बॅटरीची क्षमता तिच्यावर येऊन थांबते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल अर्ध्या किमतीत मिळतात. ते दिव्याला वापरा, सायकलीला नको.

निकेल पट्टीचीही फसवणूक होते. शुद्ध निकेल आणि निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला सारखीच. पट्टीवर कानसेने दोन ओरखडे काढून ती मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. सकाळी ओरखड्यात तांबूस गंज दिसला तर ती लोखंडी आहे, तिचा रोध जास्त असतो आणि प्रवाह वाढला की ती तापते.

टेंबलाई

बॅटरीवर एवढी सविस्तर चर्चा झाली, तर सायकलीच्या दोन खर्चांकडेही लक्ष वेधतो, कारण ते धागाकर्त्यांच्या हिशेबात दिसत नाहीत. पहिला ब्रेकचा. मोटर आणि बॅटरीने सायकलीचे वजन आठ-दहा किलोने वाढते आणि वेग सतत बावीस-चोवीसवर राहतो. जुने रिम ब्रेक, कडक झालेले रबर आणि गंजलेल्या केबल यांवर हे सोडू नये. दोन्ही बाजूंचे चांगले ब्रेक, नव्या केबल आणि मागचा टायर धरून दीड हजार तरी बाजूला ठेवावेत.

दुसरा टॉर्क आर्मचा, म्हणजे अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचा. हब मोटरचा अ‍ॅक्सल बारा मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात, म्हणजे तिथे तो दहा मिलिमीटर भरतो. मोटर जोर लावते तेव्हा अ‍ॅक्सल उलट फिरायला पाहतो. सायकलीच्या खाचेचे पत्रे पातळ असतील तर ती खाच फाकते, अ‍ॅक्सल गरगर फिरतो आणि वायर तुटून शॉर्ट होते. पाच-सहा मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीत दहाची खाच घट्ट मापाने काढून ती फ्रेमला क्लॅम्पने जखडली की प्रश्न मिटतो. शिवाजी उद्यमनगरात हे काम कुठेही दोन-अडीचशे रुपयांत होईल; धागाकर्ते मशीन शॉपमध्येच आहेत, त्यांना तेही द्यावे लागणार नाहीत. पुढच्या चाकात मोटर बसवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कमध्ये बसवूच नये.

रंकाळा_फेरी

लेड अ‍ॅसिडबद्दलचे उत्तर पटले. एक विचारतो : ही ४६० वॅट-तासांची बॅटरी घेऊन रविवारी पन्हाळ्याला जाता येईल का?

विजेचा_शिक्षक

जाता येईल, परंतु पायडल मारावे लागेल. शहरापासून पन्हाळा चारशे मीटरच्या आसपास उंच आहे. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले तर नुसती ती उंची चढायला ११० वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरची सत्तर टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून दीडशेच्या वर जातात. वीस किलोमीटरच्या साध्या चालीचे दोनशे त्यात मिळवा. वर पोहोचेपर्यंत साडेतीनशे खर्च होतील. उतरताना मोटर लागत नाही, मात्र खाली आल्यावर शहरापर्यंतचे अंतर पायांवर मोजून ठेवावे. अडचण बॅटरीपेक्षा मोटरची जास्त आहे. घाटात वेग सात-आठवर आला की हब मोटरची कार्यक्षमता झपाट्याने घसरते आणि बॅटरीतून येणारी वीज उष्णतेत जाते. मोटरच्या आवरणाला हात ठेववत नसेल तर थांबावे.

दुधाळी_मैदान

पावसाचा मुद्दा कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात तळमजल्यावर ठेवलेली वाहने पाण्यात गेली. विजेच्या सायकलीची बॅटरी काढता येण्यासारखीच घ्यावी आणि पंचगंगा वाढू लागली की ती वरच्या मजल्यावर न्यावी. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून चार्जिंगला लावू नये. आतला बीएमएस आणि जोड गंजतात आणि दोष कित्येक दिवसांनी बाहेर येतो. ती घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवून जमा करून द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

रोजच्या पावसासाठी कंट्रोलर पेटीत ठेवावा, पेटीच्या तळाला बारीक छिद्र असावे आणि वायर पेटीत शिरण्याआधी खाली वळसा घेऊन वर यावी, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न जाता वळशावरून गळून पडते. मोटरची वायर अ‍ॅक्सलमधून ज्या बाजूने निघते ती बाजूही खाली तोंड करून बसवावी.

पहिली_पाळी

सुधारलेला हिशेब मांडतो : मोटर संच ७,५००, फॉस्फेटची तयार बॅटरी जीएसटीसह १२,५००, चार्जर १,५००, ब्रेक आणि टायर १,५००, पेटी, फ्यूज, वायर १,२००. बेरीज २४,२०० होते. दिवे आणि मडगार्ड आधीच्याच सायकलीवरचे वापरतो. चार्जरला दीड हजार ठेवावेत का, की माझ्या मित्राकडे पडून असलेला ३६ व्होल्टचा लिथियम चार्जर चालेल?

उद्यमनगरकर

मित्राचा चार्जर वापरू नये. ३६ व्होल्टच्या एनएमसी बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टला थांबतो, आणि बारा जोड्यांच्या फॉस्फेटला ४३.८ व्होल्ट लागतात. त्या चार्जरवर आपली बॅटरी बिघडणार नाही, पण पूर्ण भरणार नाही आणि बीएमएसला जोड्यांची समता साधायला वावच मिळणार नाही. याच्या उलट झाले, म्हणजे आपला चार्जर मित्राच्या बॅटरीला लागला, तर प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट येतात; त्या वेळी बॅटरी आणि अपघात यांच्यामध्ये फक्त बीएमएस उभा असतो. दोन्हींची पिन बऱ्याचदा एकच असते. चार्जर विकत घ्यावाच आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फॉस्फेट ४३.८’ असे लिहून ठेवावे.

फ्यूजवर कंजुषी करू नये. बॅटरीच्या धन टोकापासून बोटभर अंतरावर वीस ते पंचवीस अँपिअरचा फ्यूज हवा. घरातल्या बोर्डावरचा साधा एमसीबी नको, कारण तो एसीसाठी बनवलेला असतो आणि डीसीची ठिणगी त्याच्यात नीट विझत नाही. मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची, मऊ तारांची घ्यावी. उरलेल्या आठशे रुपयांतून वॅट-तास मोजणारे छोटे मीटर घ्यावे. थ्रॉटलवरचे तीन-चार दिवे फॉस्फेटला उपयोगी पडत नाहीत, कारण या सेलचा दाब बराच काळ जवळपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो. दिवे सगळे पेटलेले असतानाच सायकल बंद पडल्याची तक्रार त्यामुळेच येते.

पहिली_पाळी

एक शेवटचा प्रश्न. बॅटरी ताब्यात घेताना ती खरोखर बारा अँपिअर-तासाची आहे हे दुकानातच कसे पाहावे, आणि वॉरंटीच्या कागदावर काय लिहून घ्यावे?

उद्यमनगरकर

पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर पाच अँपिअरचा स्थिर भार लावून ती बीएमएस बंद होईपर्यंत उतरवायला सांगावी. बारा अँपिअर-तासाची बॅटरी दोन तास वीस मिनिटांच्या पुढे टिकली पाहिजे. दोन तासांच्या आत संपली तर ती दहाचीही नाही. जो बांधणारा हे करून दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये; मशीनवर अडीच तास गेले तरी आपल्या काही वर्षांच्या पैशांचा प्रश्न आहे, त्यामुळे संकोच करू नये.

बिलावर सेलचा प्रकार, नगांची संख्या, सेलवरचा बीआयएस नोंदणी क्रमांक, बीएमएसची क्षमता आणि बांधणीची तारीख लिहून घ्यावी. ‘एक वर्ष वॉरंटी’ एवढेच लिहिलेले कामाचे नाही. एक वर्षात याच चाचणीत क्षमता किती अँपिअर-तासांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, तो आकडा लिहून घ्यावा. मी आमच्या गिऱ्हाइकांना दहाचा लिहून देतो. पावसाचे पाणी गेल्यास वॉरंटी राहणार नाही, असे बहुतेक जण लिहितात, तेव्हा पेटीचे सील कुणी बसवले हेही त्याच कागदावर यावे. बॅटरी आपण सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी आमच्याकडे घेऊन आलात तर भार लावायचे मशीन मोकळे असते; येताना मोटरचा कंट्रोलर सोबत आणा, म्हणजे त्याचा कमी दाबाला बंद होण्याचा आकडा बीएमएसशी जुळतो की नाही तेही तिथेच मोजून घेऊ.